उतार ओळखणारी बाई

मागच्या महिन्यात साताऱ्याहून परतताना खंबाटकीच्या उतारावर आमच्या गाडीच्या पुढच्या चाकातून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला. ब्रेक दाबला की आवाज यायचा, पाय काढला की बंद व्हायचा. मागच्या सीटवरच्या मुलांना त्याची गंमत वाटत होती, मला मात्र घरी पोचेपर्यंत घाम फुटला. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या मामांनी चाक काढले आणि एक झिजून पापुद्रा उरलेला तुकडा हातावर ठेवला. डिस्क पॅड संपले होते. मामांनी समोर दोन खोकी मांडली, एक महाग आणि एक निम्म्या किमतीचे, आणि कोणते टाकू असे विचारले. गाडी घेताना महिनाभर रंगावर खल करणारे आमचे कुटुंब या प्रश्नापुढे गप्प झाले.

अशा वेळी मला नेहमी एक जर्मन बाई आठवतात. मोटारीच्या ब्रेकला काहीतरी बदलून लावले पाहिजे, हे भर रस्त्यात ओळखणाऱ्या आणि तिथल्या तिथे ते करून घेणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांचे नाव बर्था बेंझ. आडनाव साऱ्या जगाला ठाऊक आहे, बर्थाबाई मात्र पुष्कळांना ठाऊक नाहीत.

हुंड्याचे पैसे आणि एक यंत्र

बर्था रिंगर यांचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीच्या दक्षिणेकडील फोर्झहाइम या गावी झाला. वडील बांधकामाच्या व्यवसायात हात असलेले सुखवस्तू सुतार. मुलगी झाली तेव्हा घरच्या बायबलात पुन्हा मुलगीच अशी खंत त्यांनी लिहून ठेवली होती, असे सांगतात. ज्या समाजात मुलींची नावे नकोशी ठेवली गेली, त्या आपल्याला ही खंत समजावून सांगायला नको. पुढे ही नोंद वाचूनच बर्थाच्या मनात जिद्द पेटली, असेही म्हणतात. ते काही असो, यंत्र कसे चालते हे समजून घेण्याची ओढ तिला लहानपणापासून होती.

१८६९ साली एका सहलीत तिची गाठ कार्ल बेंझ या तरुण इंजिनिअरशी पडली. खिशात फारसे काही नव्हते, पण डोक्यात घोड्यावाचून चालणाऱ्या गाडीचे वेड होते. १८७१ मध्ये कार्लने मानहाइम शहरात ऑगस्ट रिटर नावाच्या भागीदाराबरोबर कारखाना काढला. भागीदार बिनभरवशाचा निघाला आणि सगळेच बुडायची वेळ आली. तेव्हा बर्थाने लग्नाआधीच आपल्या हुंड्याची रक्कम वडिलांकडून मागून घेतली आणि तिच्यातून त्या भागीदाराचा हिस्सा विकत घेण्यात आला. २० जुलै १८७२ रोजी दोघांचे लग्न झाले. गंमत अशी, की त्या काळच्या कायद्यात लग्न झालेल्या बाईला धंद्यात स्वतंत्र स्थान नव्हते. पैसा तिचा होता, पण पाटीवर आणि पेटंटवर नाव एकट्या कार्लचेच आले.

पुढची वर्षे ओढाताणीची गेली. मुले होत होती, कर्ज वाढत होते आणि इंजिन काही चालत नव्हते. १८७९ सालच्या शेवटच्या रात्री जेवणे झाल्यावर बर्थाबाईंच्याच आग्रहावरून दोघे पुन्हा कारखान्यात गेले आणि त्या रात्री इंजिन पहिल्यांदा नीट सुरू झाले. २९ जानेवारी १८८६ रोजी कार्लने आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या पेटंटचा क्रमांक ३७४३५. मोटारीचा जन्मदिवस म्हणून जग आज हीच तारीख मानते.

ऑगस्ट १८८८ची पहाट

जन्म झाला, पण कौतुक करायला कोणी आले नाही. लोक या धूर ओकणाऱ्या गाडीकडे संशयाने पाहत आणि गिऱ्हाईक फिरकत नसे. कार्ल मोठा कारागीर, पण स्वभाव बुजरा. गाडी अजून पक्की नाही, म्हणून तो ती कारखान्याच्या आसपासच चालवायचा. बर्थाबाईंनी ओळखले, की गाडी लांब नेऊन दाखवल्याशिवाय तिच्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही.

१८८८ सालच्या ऑगस्टच्या सुरुवातीला, एका पहाटे कार्ल झोपेत असतानाच त्या उठल्या. पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेतले. घरातून फोर्झहाइमला माहेरी जात असल्याचा निरोप लिहून ठेवला. आवाजाने नवरा जागा होऊ नये म्हणून गाडी आधी ढकलत बाहेर काढली आणि मग सुरू केली. वय एकोणचाळीस. पुढे शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता, तोही घोडागाड्यांचा, चाकोऱ्या पडलेला. मोटार घेऊन इतके लांब तोवर कोणीही गेले नव्हते.

प्रवास हालाचाच झाला. इंजिन थंड ठेवायला वाटेत मिळेल तिथून पाणी घ्यावे लागे. इंधन संपत आले तेव्हा वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतले. कपड्यांवरचे डाग काढायला वापरतात ते द्रव्य. हे दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवते. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन काढून ती मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेवरचे आवरण घासून निघाले तेव्हा पायमोजे बांधायची पट्टी तिच्यावर गुंडाळली. साखळी लांबली ती लोहाराकडून ठीक करून घेतली. चढ आला की मुले उतरून ढकलायची.

पण खरी परीक्षा उताराची होती. चढावर गाडी थांबली तर थांबली, ढकलता येते. उतारावर थांबली नाही तर काय, हा प्रश्न वेगळा. त्या गाडीला लाकडी ठोकळ्यांचे ब्रेक होते. दांडा ओढला की ठोकळे फिरत्या भागावर घासायचे आणि वेग कमी व्हायचा. एकेका उतारागणिक ते लाकूड झिजत गेले आणि पकड सुटू लागली. फोर्झहाइमच्या अलीकडे बाउशलॉट हे गाव उंचावर आहे आणि फोर्झहाइम नद्यांच्या खोऱ्यात. म्हणजे माहेर टप्प्यात आले होते, पण मधे उतार होता.

बर्थाबाईंनी बाउशलॉटला गाडी थांबवली आणि चक्क चांभाराला गाठले. ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. चामड्याची पकड लाकडापेक्षा चांगली, आणि झिजले तरी ठोकळा शाबूत राहतो, चामडे तेवढे बदलायचे. मोटारीच्या ब्रेकचे पहिले लायनर म्हणून आज याच चामड्याकडे बोट दाखवतात. संध्याकाळी सुखरूप पोचल्यावर त्यांनी नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी त्याच गाडीने त्या परतल्याही.

घरी आल्यावर त्यांनी प्रवासातल्या उणिवा कार्लला सांगितल्या. चढासाठी आणखी एक गिअर हवा, ब्रेकचे काहीतरी करायला हवे. कार्लने ऐकले, हे त्याचे मोठेपण. शतक संपता संपता बेंझचा कारखाना मोटारी बनवणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाऊ लागला.

चामड्यापासून पॅडपर्यंत

पुढे याच कल्पनेचा धंदा झाला. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड याने शेतकरी गाडीच्या ब्रेकला जुन्या बुटांचे चामडे लावतात ते पाहिले आणि १८९७ मध्ये ब्रेकच्या अस्तरांचा उद्योग सुरू केला. आपल्या आडनावाची अक्षरे फिरवून आणि बायकोच्या नावाचे आद्याक्षर घालून त्याने फेरोडो हे नाव घडवले. चामडे तापले की जळते, म्हणून पुढे अॅस्बेस्टॉस आले. ते उष्णतेला टिकले, पण त्याचे तंतू फुफ्फुसात जाऊन कॅन्सर करतात हे कळायला बराच काळ गेला. ब्रिटनमध्ये १९९९ साली त्यावर बंदी आली.

आजच्या पॅडमध्ये पोलादी पाटीवर घर्षणाचा थर चिकटवलेला असतो. गाडी थांबते म्हणजे तिच्या वेगाची उष्णता होते, आणि ती सोसताना कोणीतरी झिजावेच लागते. ते काम स्वस्त, बदलता येणाऱ्या तुकड्याने करावे, हे तत्त्व बाउशलॉटच्या चांभाराच्या दुकानातलेच आहे.

मामांच्या दोन खोक्यांपुढे हेच तत्त्व कामी आले. सेंद्रिय प्रकारचे पॅड मऊ असते, आवाज करत नाही, पण लवकर झिजते आणि फार तापले की पकड सैल पडते. धातूचा चुरा असलेले पॅड उष्णतेला टिकते, पण आवाज करते आणि डिस्कलाही जास्त घासते. सिरॅमिक शांत असते, चाकावर काळी भुकटी कमी पाडते, पण किंमत जास्त. रोज ऑफिस, शाळा आणि सुट्टीत गावाला जाणाऱ्या गाडीसाठी कंपनीने नेमून दिलेल्या प्रतीचेच पॅड उत्तम. खोक्यावर आपल्या गाडीचे मॉडेल, भागाचा क्रमांक आणि अॅस्बेस्टॉस नसल्याचा उल्लेख पाहावा, पक्के बिल घ्यावे. आमच्या निम्म्या किमतीच्या खोक्यावर यातले काहीच नव्हते.

आणखी चार गोष्टी मामांनी बजावल्या. नवे पॅड साधारण दहा ते बारा मिलिमीटर जाड असते, तीनवर आले की बदलावे, आवाजाची वाट पाहू नये. पॅड दोन्ही चाकांचे एकदम बदलावे, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. डिस्कवर खोल चरे पडले असतील तर नुसते पॅड बदलून भागत नाही. बऱ्याच लहान गाड्यांना मागे ड्रम असतात, तिथले लायनरही पाहून घ्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पॅड बदलल्यावर गाडी हलवण्याआधी ब्रेकचे पेडल चार-सहा वेळा दाबून घट्ट करून घ्यावे, नाहीतर पहिल्या वेळी पाय थेट तळाला जातो. त्यानंतरचे दोनशे-तीनशे किलोमीटर बेताने चालवावे. घाटात खालचा गिअर ठेवावा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही.

नाव उशिरा आले

कार्ल बेंझ ४ एप्रिल १९२९ रोजी लाडेनबुर्ग येथे वारले. आपल्या आठवणींत त्यांनी पत्नीच्या साथीची कृतज्ञतेने नोंद केली आहे. बर्थाबाई पुढे पंधरा वर्षे जगल्या. ३ मे १९४४ या त्यांच्या पंच्याण्णवाव्या वाढदिवशी कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना मानद सिनेटर हा किताब देऊन गौरवले. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. ज्या रस्त्याने त्या गेल्या, तो २००८ पासून त्यांच्या नावाचा स्मृतिमार्ग आहे.

आपल्याकडे संसारासाठी चंदनासारखे झिजणाऱ्या बाईचे फार कौतुक होते. बर्थाबाईंनी हुंडा दिला, कष्ट उपसले, पण त्या दिवशी उताराच्या तोंडाशी त्यांनी केलेली गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. गाडीत स्वतःची दोन मुले होती. माहेर जवळ आले होते. कसेबसे निभावून नेऊ, असे त्यांना सहज म्हणता आले असते. त्यांनी गाडी थांबवली आणि झिजायचे काम चामड्याला दिले.

आम्ही महाग खोके घेतले. बिल पाहून घरात थोडी कुरकुर झाली. परवा पुन्हा खंबाटकी उतरलो, तेव्हा मागच्या सीटवर मुले झोपली होती. चाकातून कसलाही आवाज नव्हता.