अबुल कासिम अल-जहरावी : बोटांनी रोहिणी शोधणारे शल्यवैद्य

वाचकहो, आपल्या डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूच्या हाडालगत, उजव्या हाताची दोन बोटे हलकेच टेकवा. बोटांखाली जी उडते, ती रोहिणी. कातडी न कापता हाड, स्नायू व खळगे यांच्या खुणांवरून आतली रोहिणी ओळखणे ही वैद्यकाची पहिली पायरी होय. हजार वर्षांपूर्वी या ज्ञानाचा आग्रह धरणारे थोर शल्यवैद्य म्हणजे अबुल कासिम अल-जहरावी.

स्पेनमधील कुर्तुबा म्हणजे आजचे कोर्दोबा. त्याजवळील मदीनत अज-जहरा येथे सुमारे ९३६ साली त्यांचा जन्म झाला. दीर्घकाळ रुग्णसेवा करून त्यांनी इ. स. १००० च्या सुमारास 'अत-तसरीफ' हा तीस भागांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या शेवटच्या भागात शस्त्रक्रियेचे विवेचन असून सुमारे २०० हत्यारांच्या आकृत्या आहेत.

एका अडाणी वैद्याने एका स्त्रीच्या मानेवरील गाठ कापताना रोहिणी तोडली आणि ती बिचारी रक्तस्रावाने जागीच गेली. हा प्रसंग त्यांनी ग्रंथात मुद्दाम नोंदविला. शरीररचना न शिकता शस्त्र धरणारा माणूस जीव घेतो, हा त्यातील धडा. म्हणूनच कानामागील रोहिणीवर उपचार करताना आधी केस काढावेत, जागा जाड कापडाने चोळावी, बोटाने ठोका शोधावा, शाईने खूण करावी आणि मगच शस्त्र लावावे, असा क्रम त्यांनी घालून दिला. रोहिणी फुटलीच, तर प्रथम बोट ठेवून ती घट्ट दाबावी; डाग देणे किंवा दोऱ्याने बांधणे हे त्यानंतरचे.

सुमारे १०१३ साली ते पैगंबरवासी झाले. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला व पुढे कित्येक शतके युरोपातील वैद्य त्यावरच शिकले.

आपल्या कापूरहोळला पुणे-सातारा महामार्गावरून भोरचा रस्ता फुटतो. येथे वाहनांची वर्दळ मोठी. अपघात झाला की गर्दी जमते, पण पुढे हात करणारा विरळाच. विद्यार्थी मित्रांनो, जखमेतून रक्त उसळताना दिसले, तर स्वच्छ कापड त्यावर घट्ट दाबून धरा, दुसऱ्यास १०८ वर फोन करावयास सांगा आणि मदत येईतो हात ढिला सोडू नका. त्या महान हकीमांचे स्मरण याहून चांगले कोणते?