इंजिन बंद पडलं, तरी पाती फिरत राहिली

भंडारा : निवडणूक आली की साकोली, तुमसरकडे हेलिकॉप्टर उतरतं आणि बघायला गर्दी होते. वर असतानाच इंजिन बंद पडलं तर? या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी शोधलं.

त्यांचा जन्म २१ सप्टेंबर १८९५ चा, मुर्सिया इथला. १९१९ मध्ये त्यांनी बनवलेलं तीन इंजिनांचं विमान वेग कमी होताच कोसळलं. तेव्हापासून वेग गेला तरी पडणार नाही असं यंत्र करायचा त्यांना ध्यासच लागला. त्याचं नाव ऑटोजायरो. पोरं भिंगरी घेऊन पळतात तशी त्याची डोक्यावरची पाती वाऱ्यानंच फिरायची. पहिली तीन यंत्रं फसली. चौथ्यात पाती बिजागरीवर बसवली आणि तोल जमला. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळ ते उडालं. काही दिवसांतच हवेत इंजिन बंद पडलं, पण यंत्र आदळलं नाही, अलगद खाली आलं.

१९२८ मध्ये त्यांनी स्वतः ऑटोजायरो चालवत इंग्लिश खाडी ओलांडली.

९ डिसेंबर १९३६ ला लंडनजवळच्या क्रॉयडनहून ते प्रवासी विमानानं निघाले. दाट धुक्यात विमान घरावर धडकलं आणि सिएर्वा गेले. वय अवघं ४१. ते विमान मात्र साध्या पंखांचं होतं.

आजही इंजिन थांबलं की हेलिकॉप्टरचा वैमानिक पात्यांचा कोन झटकन कमी करतो. खालून येणारा वारा पाती फिरवत ठेवतो आणि उतरायला संधी मिळते.