चार्ल्स थॉमसनची वंशावळ

त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आमच्या घराण्याच्या सात पिढ्या सापडल्या, तेव्हापासून मला वंशावळींचे वेड लागले. अमेरिकेचा इतिहास वाचताना चार्ल्स थॉमसन भेटला आणि त्याचीही मुळे शोधावीत असे मनाने घेतले. ४ जुलै १७७६ च्या रात्री अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रथम छापला गेला, तेव्हा त्याच्या तळाशी काँग्रेसच्या दोघांचीच नावे होती. अध्यक्ष जॉन हॅनकॉक आणि सचिव थॉमसन. हॅनकॉक सर्वांना ठाऊक. थॉमसनला कोण ओळखतो?

घराणे स्कॉच-आयरिश. म्हणजे सतराव्या शतकात स्कॉटलंड सोडून आयर्लंडच्या उत्तरेस, अल्स्टर प्रांतात वसलेल्या प्रेस्बिटेरियन लोकांपैकी. तेथे जमिनीचे खंड वाढत गेले, पंथामुळे सरकारी हुद्देही मिळेनात. तेव्हा अठराव्या शतकात त्यांच्या वंशजांनी अमेरिकेची जहाजे धरली. चार्ल्स १७२९ साली माघेरा गावाजवळ जन्मला. आई वारल्यावर, १७३९ मध्ये, बाप जॉन मुलांना घेऊन निघाला आणि किनारा जवळ आला असतानाच जहाजावर वारला! दहा वर्षांचे पोर न्यूकॅसल बंदरात उतरले ते पोरके होऊनच. भावंडांची ताटातूट झाली. याला एका लोहाराकडे ठेवले. आपल्याला कराराने कायमचे बांधून घेणार हे कानी पडताच स्वारी रातोरात पळाली, असे सांगतात. पुढे फ्रान्सिस ॲलिसन या धर्मोपदेशकाच्या शाळेत तो शिकला आणि फिलाडेल्फियात लॅटिनचा मास्तर झाला.

१७५७ साली ईस्टन येथे डेलावेअर जमातीची वसाहतवाल्यांशी बोलणी झाली. गोऱ्यांनी लिहिलेल्या नोंदींवर जमातीचा विश्वास कसा बसावा? त्यांचा नायक टीडियुस्कुंग याने स्वतःचा लेखनिक मागितला, आणि ते काम थॉमसनने केले. जमातीने त्याला दत्तक घेतले, नाव ठेवले ‘सत्य सांगणारा’ अशा अर्थाचे. आता वंशावळीत ही फांदी काढावी तरी कोठे?

१७७४ ते १७८९ काँग्रेसचे सचिवपद त्याच्याकडेच होते. वॉशिंग्टनला अध्यक्षपदी निवडून आल्याची वार्ता माउंट व्हर्ननला जाऊन देणारा हाच. निवृत्तीनंतर त्याने क्रांतीचा हजारावर पानांचा इतिहास लिहिला आणि स्वतःच नष्ट केला. थोर म्हणून पूजल्या जाणाऱ्यांची प्रतिमा आपल्या हातून मोडू नये, हे कारण. सत्य सांगणाऱ्यानेच हे करावे! मला त्याचा राग येतो, पण त्याचे मन समजतेही. मग त्याने ग्रीक बायबलचे भाषांतर हाती घेतले. ते १८०८ मध्ये चार खंडांत निघाले.

१८२४ साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी तो वारला. मागे मूलबाळ नव्हते. पत्नीच्या माहेरच्या हॅरिटन येथील जमिनीत त्याला पुरले. १८३८ मध्ये पुतण्याने त्याचे अवशेष म्हणून काही हाडे उकरून फिलाडेल्फियाच्या लॉरेल हिल दफनभूमीत नेली. ती हाडे त्याचीच काय, याविषयी पुढे वाद झाला. माझ्या वहीत मी त्याच्या नावापुढे दोन्ही जागा लिहिल्या आहेत.