विज्ञानोपासक के. एस. कृष्णन

दरवर्षी २८ फेब्रुवारीला शाळाशाळांतून राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो आणि सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो. ते उचितच आहे. तथापि त्यांचे सहकारी सर के. एस. कृष्णन यांचे स्मरण त्या दिवशी क्वचितच होते.

कृष्णन यांचा जन्म ४ डिसेंबर १८९८ रोजी तमिळनाडूतील वत्रप येथे झाला. मदुराई व मद्रास येथे शिकून ते कलकत्त्यास आले आणि १९२३ पासून बहुबाजारातील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत रामन यांच्याबरोबर संशोधन करू लागले.

१९२८च्या फेब्रुवारीत रामन यांनी त्यांना प्रत्यक्ष प्रयोगाला बसविले. साधने अगदी साधी होती. भिंगांनी एकवटलेले सूर्यकिरण निळ्या-जांभळ्या काचेतून गाळून शुद्ध द्रवावर सोडायचे आणि डोळ्यापुढे नेमका तोच रंग अडविणारी दुसरी काच धरायची. प्रकाशाचा रंग बदलत नसेल, तर सारा अंधार दिसावयास हवा. परंतु एकामागून एक द्रव तपासताना कृष्णन यांना मंद उजेड दिसतच राहिला. तो ध्रुवित होता. म्हणजे काही पदार्थ प्रकाश शोषून चमकतात, तशी ही नेहमीची चमक नव्हती. रेणू प्रकाशाच्या ऊर्जेतील थोडा वाटा स्वतःकडे ठेवतो, म्हणून रंग बदलतो; आणि किती वाटा ठेवला, यावरून रेणूची ओळख पटते. २८ फेब्रुवारीस वर्णपटदर्शकातून हा बदललेला प्रकाश मूळ प्रकाशापासून स्पष्ट वेगळा दिसला.

३१ मार्चच्या 'नेचर'मधील टिपणावर दोघांचीही नावे होती. १९३०चे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या रामन यांना मिळाले. याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. पण हा पाठ शिकविताना फळ्यावर दोन्ही नावे लिहावीत, असा माझा सहशिक्षकांना आग्रह असतो.

कृष्णन तोवर ढाक्यास स्फटिकांच्या चुंबकत्वाच्या अभ्यासात गढले होते. पुढे कलकत्ता, अलाहाबाद आणि १९४७ पासून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालकपद, असा त्यांचा प्रवास झाला. १९५८मध्ये पहिला भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. संस्कृत व तमिळ साहित्यातही ते रमत.

१४ जून १९६१ रोजी ते निवर्तले. पहिला लेसर त्याच्या आदल्याच वर्षी प्रकाशला होता. एकाच शुद्ध रंगाच्या त्या प्रखर किरणाने रामन परिणामाच्या अभ्यासाचे रूप पालटले. १९७४मध्ये साउथॅम्प्टन येथे चांदीच्या खडबडीत पृष्ठभागावरील रेणूंपासून हाच उजेड अनपेक्षित तेजाने मिळाला. ही वाढ लक्षपटींच्या घरात असल्याचे १९७७मध्ये दिसून आले. कृष्णन यांनी तो पाहिला होता गाळलेल्या सूर्यप्रकाशात, स्वतःच्या डोळ्यांनी.