नवा पाळक, जुनी मंडळी : रेव्हरंड ना. वा. टिळक



शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता म्हणताना जिचे डोळे पाणावले नाहीत अशी आपल्यात क्वचितच कोणी असेल. तिचे कर्ते नारायण वामन टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून घरोघरी ठाऊक आहेत. परंतु ते ख्रिस्ती मंडळीचे पाळकही होते, आणि चालत्या संस्थेत नव्याने शिरणाऱ्या माणसाला जे सोसावे व सांभाळावे लागते ते सारे त्यांच्या वाट्याला आले, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. वर्धापनदिनी त्यांचे चरित्र मी निवडले ते याच कारणाने.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी एका चित्पावन ब्राह्मण घरात झाला. आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून त्यांच्या मनाने निराळी वाट धरली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो परदेशी मिशनऱ्याकडून न घेता हिंदी पाळकाच्या हातून घेतला, यातच त्यांचा स्वभाव दिसतो.

पुढे ते नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात दाखल झाले. हे मिशन १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ पासून नगरला होते. म्हणजे टिळक आले तेव्हा तेथे साठ वर्षांची वहिवाट पडलेली होती. कारभार व पैसा परदेशी मिशनऱ्यांच्या हाती असे. खेड्यापाड्यांतील मंडळी बहुतेक महार व मांग समाजांतून आलेली, गावकुसाबाहेरचे दुःख भोगलेली. त्यांच्यामध्ये हा विद्वान, तापट आणि हळवा कवी येऊन उभा राहिला. वरच्यांना तो नवखा आणि खालच्यांना परका! अशा जागी पाय रोवणे सोपे नव्हते.

त्यांना एकदम अधिकारपद मिळाले नाही. आधी ते धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. डॉ. ह्यूम यांच्यासारख्या मिशनऱ्यांनी त्यांचे गुण ओळखून त्यांना वाव दिला, आणि पाळकपणाची दीक्षा त्यांना १९०४ साली मिळाली. मधली नऊ वर्षे वाया गेली असे मला वाटत नाही. माणसाने मंडळीला आणि मंडळीने माणसाला ओळखण्यातच ती गेली असावीत.

टिळकांनी जो मोठा पालट केला तो उपासनेच्या गाण्यांत. त्या वेळी बरीचशी गीते इंग्रजीवरून उतरवलेली व परदेशी चालींवर बसवलेली असत. टिळकांनी अभंग आणि ओवी हाती घेऊन शेकडो गीते रचली. मात्र जुने गीतपुस्तक त्यांनी विहिरीत टाकले नाही. जुन्या गीतांशेजारी त्यांची नवी गीते येऊन बसली, लोकांच्या तोंडी रुळली, आणि आजही मराठी ख्रिस्ती मंडळींत दोन्ही गाइली जातात.

घरात मात्र त्यांनी एवढा धीर धरला नाही, हे सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. धर्मांतराची गोष्ट पत्नी लक्ष्मीबाईंना झाल्यावर कळली. त्या माउलीने काही वर्षे नवऱ्यापासून दूर काढली. परत आल्यावरही त्या सोवळ्याओवळ्याने आपला स्वयंपाक वेगळा करीत. पुढे विचार करता करता जातिभेद माणसाने केलेला आहे हे त्यांचे त्यांनाच पटले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात हे सर्व त्यांनी हसतखेळत सांगितले आहे. पण त्या हसण्याखाली किती रात्री जागून काढल्या असतील, हे आपण बायकांनी ओळखावे.

१९१२ साली टिळक मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादक झाले. तरीही मनातला धर्म हिंदी वळणाने जगता यावा ही तळमळ शमेना. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या भक्तांना तेथे जागा होती. हे काम रुजण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या अपुऱ्या ‘ख्रिस्तायना’चे पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला एकदा विचारलेही नव्हते, तिनेच ते काम पुढे नेले!

मला या चरित्रातून आपल्या मंडळापुरते एवढेच दिसते. उदगीरला बदलीवर आलेल्या, लग्न होऊन आलेल्या भगिनी दरवर्षी मंडळात येतात. त्यांच्या नव्या चाली ऐकून आपण जुन्या जणी नाक मुरडतो, आणि मग त्या येईनाशा होतात. नवीने आधी जुनी गाणी शिकावीत, जुनीने नवीला गाण्याची पाळी द्यावी. आणि बदल ठरवण्यापूर्वी ज्यांच्या अंगावर तो पडणार त्यांना विचारावे. एवढे जरी साधले तरी आपले मंडळ पुढच्या पिढीच्या हाती सुखरूप जाईल.