वास्को द गामा : चरित्र आणि वारसा

महोत्सवाच्या पुस्तिकेंत साधुसंतांचीं व उपकारकर्त्यांचीं चरित्रें देण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत चरित्रनायक साधु नव्हता. आणि त्याला उपकारकर्ता म्हणावें कीं नाहीं, याविषयीं दीर्घकाळ वाद चालत आला आहे. तरीहि या पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती माणसाला त्याचें नांव टाळतां येत नाहीं. आमचा धर्म वास्को द गामाच्या गलबतांतून उतरला, असें कोणी अभिमानानें म्हणतो, तर कोणी तेंच वाक्य दूषण म्हणून आमच्यापुढें टाकतो. दोघांचेंहि म्हणणें कितपत खरें आहे, हें ठरविण्यापूर्वीं त्या पुरुषाचें चरित्र एकदां शांत चित्तानें पाहिलें पाहिजे.

वास्को द गामा याचा जन्म पोर्तुगालच्या दक्षिण भागांतील सीनिश या लहानशा बंदरगांवीं इ. स. १४६० ते १४६९ च्या दरम्यान झाला. त्याचें घराणें राजसेवेंतील, परंतु फार मोठें नव्हे. त्या काळीं मिरीं, दालचिनी, लवंग हे जिन्नस हिंदुस्थान व पूर्वेकडील बेटें येथून अरब व्यापाऱ्यांच्या हातून मिसर देशांत जात, आणि तेथून व्हेनिसचे सौदागर ते युरोपांत महाग भावानें विकीत. हा व्यापार थेट समुद्रमार्गानें आपल्या हातीं यावा, म्हणून पोर्तुगीज राजे आफ्रिकेच्या किनाऱ्यानें अनेक वर्षें गलबतें धाडीत होते. इ. स. १४८८ मध्यें बार्तोलोमेउ दियाश हा त्या खंडाच्या दक्षिण टोकास वळसा घालून परत आला. पुढचें काम मानुएल राजानें वास्कोवर सोंपविलें.

८ जुलै १४९७ रोजीं चार गलबतें लिस्बनहून निघालीं. त्यांवर सुमारें १७० माणसें होतीं. एका गलबताचा कप्तान वास्कोचा भाऊ पाउलू हा होता. अनुकूल वारा मिळावा म्हणून त्यांनीं आफ्रिकेचा किनारा सोडून अटलांटिक महासागरांत दूरवर फेरा घेतला, आणि जवळजवळ तीन महिने त्यांच्या दृष्टीस जमीन पडली नाहीं. नोव्हेंबर महिन्यांत त्यांनीं खंडाचें टोक ओलांडलें. डिसेंबरच्या अखेरीस जो किनारा लागला, त्याला त्यांनीं प्रभूच्या जन्मसणावरून नाताल हें नांव दिलें. आपण त्या सणाला नाताळ म्हणतों तो शब्दहि त्याच भाषेंतून आपल्याकडे आला आहे.

मोझांबिक व मोंबासा येथें संशय आणि चकमकी यांना तोंड देत हे लोक एप्रिल १४९८ मध्यें मालिंदी बंदरीं पोंचले. तेथील राजानें त्यांस एक अनुभवी वाटाड्या दिला. तो गुजराथी होता, असें जुने पोर्तुगीज इतिहासकार सांगतात. त्याच्या मार्गदर्शनानें नैर्ऋत्येचे वारे धरून त्यांनीं अवघ्या २३ दिवसांत समुद्र ओलांडला, आणि २० मे १४९८ रोजीं कालिकत शहराच्या उत्तरेस कप्पड गांवाजवळ नांगर टाकला.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. गामानें हिंदुस्थानाचा शोध लावला, असें शाळेंत शिकविलें जात असे. परंतु जो समुद्र अरब, गुजराथी व मलबारी खलाशी शेंकडों वर्षें ओलांडीत होते, त्याचा शोध तो काय लागणार? युरोपापासून मालिंदीपर्यंतचा मार्ग त्यानें आपल्या धैर्यानें जोडला, आणि पुढचा मार्ग त्याला पूर्वेकडील माणसाच्या विद्येनें लाभला. ही विद्या किती मोलाची होती, हें परतीच्या वेळीं दिसून आलें.

कालिकतच्या सामुरी राजाच्या दरबारीं जातांना या लोकांस वाटेंत एक हिंदु देवालय लागलें. तें ख्रिस्ती चर्च आहे असें समजून, व तेथील देवीची मूर्ति पवित्र मरियेची आहे अशा समजुतीनें, त्यांनीं गुडघे टेकून प्रार्थना केली. ख्रिस्ती लोक व मसाले हेंच शोधीत ते आले होते, म्हणून जें पाहण्याची इच्छा होती तेंच त्यांस दिसलें. पुढें नजराण्याची फजिती झाली. कापडाचे बारा तुकडे, कांहीं टोप्या, पोंवळ्यांच्या माळा, हातपाय धुण्याचीं भांडीं, साखर, तेल व मध असा तो नजराणा पाहून दरबारचे अधिकारी हंसले. जगांतील श्रीमंत बंदरांपैकीं एका बंदराच्या राजास तें शोभण्यासारखें नव्हतें. तेथील मुसलमान व्यापाऱ्यांसहि हा नवा प्रतिस्पर्धी नको होता. थोडासा माल घेऊन, आणि कांहीं माणसें बळजबरीनें बरोबर घेऊन, गामा ऑगस्ट १४९८ च्या अखेरीस तेथून निघाला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर गलबतांची डागडुजी करून त्यानें ऑक्टोबरच्या आरंभीं आफ्रिकेची वाट धरली.

अनुकूल वाऱ्याची वाट न पाहतां निघाल्यामुळें, जातांना जो समुद्र २३ दिवसांत संपला होता, त्याच समुद्रास आतां जवळजवळ तीन महिने लागले. ताज्या अन्नावांचून हिरड्या सुजून खलाशी एकामागून एक मेले. माणसें उरलीं नाहींत म्हणून एक गलबत वाटेंत जाळून टाकावें लागलें. लिस्बनला परत आलेल्यांची संख्या निम्म्याहूनहि कमी होती. पाउलू आजारी पडला, तेव्हां वास्कोनें दुसऱ्यांस पुढें पाठविलें व आपण भावाबरोबर अझोर बेटांकडे वळला. तेथें तर्सैरा बेटावर पाउलू वारला. राजसन्मान वाट पाहत असतां मरणोन्मुख भावाजवळ थांबणाऱ्या या पुरुषाच्या अंगीं प्रेम नव्हतें, असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

आणि म्हणूनच पुढील प्रकरण अधिक दुःखदायक वाटतें. इ. स. १५०० मध्यें काब्राल याच्या हाताखालीं दुसरें आरमार कालिकतला आलें. तेथें दंगा होऊन पोर्तुगीज वखारीतील पन्नासाहून अधिक माणसें मारलीं गेलीं, आणि काब्रालनें शहरावर तोफा डागल्या. याचा सूड घेण्यासाठीं १५०२ मध्यें गामा वीस गलबतांचें आरमार घेऊन परत आला. मलबारच्या समुद्रांत त्यानें मक्केहून परतणारें यात्रेकरूंचें एक मोठें जहाज अडविलें. त्यावर शेंकडों पुरुष, स्त्रिया व मुलें होतीं. त्यांतील धनिकांनीं मोठी खंडणी देऊं केली. स्त्रियांनीं आपले दागिने पुढें केले, लेंकरें उचलून दाखविलीं. गामानें माल काढून घेतला, आणि माणसांसह तें जहाज जाळून बुडविलें. ही हकीकत त्याच्या शत्रूंनीं रचलेली नाहीं. त्याच आरमारांत असलेल्या टोमे लोपिश या पोर्तुगीजानें ती डोळ्यांनीं पाहून लिहून ठेविली आहे. सुमारें वीस मुलें तेवढीं वांचविण्यांत आलीं, व त्यांस ख्रिस्ती करण्यांत आलें. ज्यांच्या आईबापांस नुकतेंच मारलें, त्यांच्या मस्तकावर स्नानसंस्काराचें पाणी घालणारा हात कोणत्या प्रभूच्या नांवानें उचलला गेला असेल? या प्रश्नापुढें ख्रिस्ती वाचकानें कांहीं वेळ थांबणें योग्य आहे. त्यानंतर कालिकतपुढें तीसहून अधिक निरपराध कोळी व नावाडी फांशीं देऊन त्यांचे अवयव तोडण्यांत आले, आणि शहरावर तोफांचा मारा झाला.

तो काळच तसा क्रूर होता, असें कांहीं जण म्हणतात. तें अर्धें खरें आहे. युद्धांत दया दुर्मिळ होती. परंतु खंडणी देऊन शरण येणाऱ्या यात्रेकरूंस सोडून देणें हा त्या काळींहि नफ्याचा व नीतीचा मार्ग होता, आणि लोपिशच्या लेखणींतूनहि त्या दिवसाविषयींची खिन्नता लपलेली नाहीं. म्हणजे त्या कृत्याला नांवें ठेवण्यास आजचा न्याय लागत नाहीं; त्याच आरमारांतील एका माणसाचें मन त्यास पुरेसें साक्षी आहे.

याच खेपेस कोची येथें आणखी एक घटना घडली. मलबारांतील संत थोमाच्या ख्रिस्ती लोकांचें एक शिष्टमंडळ गामाकडे आलें, आणि आपल्या निष्ठेची खूण म्हणून दोन्ही टोकांस चांदी मढविलेली एक लाल काठी त्यांनीं त्याच्या हातीं दिली. या लोकांची परंपरा आपला धर्म इ. स. ५२ मध्यें आलेल्या प्रेषित थोमापासून मोजते. आणि पोर्तुगीजांच्या कित्येक शतकें आधीं त्यांचीं चर्चें, त्यांची सुरियानी उपासना व शेजाऱ्यांत त्यांचा मान होता, हें तर इतिहाससिद्ध आहे. तेव्हां हिंदुस्थानांतील ख्रिस्ती धर्म गामाच्या शिडांबरोबर आला, हें म्हणणें टिकत नाहीं. उलट, ज्यांनीं विश्वासानें ती काठी दिली, त्यांच्याच वंशजांवर पुढें १५९९ च्या उदयंपेरूर धर्मसभेनें परक्या रूढि लादल्या, आणि १६५३ मध्यें मट्टांचेरी येथें क्रुसासमोर शपथ घेऊन त्यांपैकीं बहुतेकांनीं ती सत्ता झुगारून दिली.

१५०३ नंतर गामा वीस वर्षें स्वदेशीं राहिला. १५१९ मध्यें त्यास विदिगेरा परगण्याची काउंट ही पदवी मिळाली. गोव्यांतील कारभार लांचलुचपतीनें सडला, तेव्हां १५२४ मध्यें राजानें त्यास व्हाइसरॉय करून पाठविलें. पश्चिम किनाऱ्याजवळ येतां भूकंपानें समुद्र हादरूं लागला व खलाशी घाबरले. तेव्हां समुद्रच आपल्या भीतीनें कांपत आहे, असें सांगून गामानें त्यांस धीर दिला, असें इतिहासकार लिहितात. सप्टेंबरांत तो कोंकणांतील चौल येथें उतरला, तेथून गोव्यास गेला, व लांचखाऊ अधिकाऱ्यांस काढूं लागला. मनाई असतां गलबतांतून लपून आलेल्या तीन स्त्रियांस त्यानें धर्मगुरूंची रदबदली न ऐकतां गोव्यांत भर रस्त्यांत फटके मारविले. परंतु मरणसमयीं त्याच स्त्रियांस प्रत्येकी एक लक्ष रेइश गुप्तपणें देण्याची त्यानें व्यवस्था केली, असें गास्पार कोर्रेया हा वृत्तान्तकार लिहितो. २४ डिसेंबर १५२४ रोजीं, नाताळच्या आदल्या दिवशीं, कोची येथें त्याचें देहावसान झालें. तेथील फ्रान्सिस्कन चर्चमध्यें त्याला पुरण्यांत आलें. पुढें त्याच्या अस्थि पोर्तुगालला नेण्यांत आल्या, व एकोणिसाव्या शतकांत लिस्बनजवळच्या जेरोनिमुश मठांत ठेवण्यांत आल्या.

मरणानंतर त्याची कीर्ति वाढतच गेली. १५७२ मध्यें कामोंइश कवीनें त्याच्या सफरीवर महाकाव्य रचलें. त्याचा पणतू गोव्याचा व्हाइसरॉय झाला, तेव्हां जुन्या गोव्याच्या घाटावर कमान उभारून तीवर त्याची प्रतिमा बसविण्यांत आली. गोव्यांतील एक शहर अद्याप त्याचें नांव धारण करीत आहे. दुसऱ्या बाजूस सरदार का. मा. पणिक्कर यांनीं १९५३ च्या आपल्या ग्रंथांत आशियावरील पाश्चात्य वर्चस्वाच्या सबंध युगालाच वास्को द गामाचें युग म्हटलें. १९९८ मध्यें सफरीस पांचशें वर्षें झालीं, तेव्हां लिस्बनमध्यें त्याच्या नांवाचा प्रचंड पूल खुला झाला, आणि गोवा व केरळ येथें उत्सवाच्या कल्पनेस लोकांनीं तीव्र विरोध केला.

आमच्या किनाऱ्यास तर दोन्ही बाजू ठाऊक आहेत. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांच्या हातीं गेली, ती १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं घेईपर्यंत. त्याच समुद्रमार्गानें मिरची, काजू, अननस हीं आपल्या ताटांत आलीं, आणि पाव, चावी, पगार हे शब्द आपल्या तोंडीं बसले. त्याच मार्गानें तोफा आल्या, आणि त्याच मार्गानें धर्मगुरुहि आले. वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हा समुद्र ओलांडून जपानला गेला, तोहि याच ओघांत. परंतु त्यानें कोणाचें जहाज जाळलें नाहीं. १५९७ मध्यें नागासाकी येथें क्रुसावर त्यानें आपलाच प्राण दिला, आणि १८६२ मध्यें पवित्र सभेनें त्यास संतपद दिलें. शिडांवर क्रूस रंगविणें निराळें आणि क्रूस अंगावर घेणें निराळें, हा भेद या दोन चरित्रांत स्पष्ट दिसतो.

१२ मार्च २००० रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं रोम येथें, सत्याच्या सेवेच्या नांवाखालीं ख्रिस्ती लोकांनीं केलेल्या जुलमांबद्दल देवाची क्षमा मागितली. तेव्हां गामाचें दर्यावर्दी धैर्य मान्य करण्यास आपणांस संकोच नको, आणि त्याचें पाप झांकण्याचें ओझेंहि आपल्यावर नाहीं. त्याच्या कर्तृत्वाचा मान त्याच्या देशानें करावा. जळालेल्या जहाजावरील जिवांचें स्मरण मात्र आपण करावें, कारण आपली श्रद्धा त्याच्या तोफांची ऋणी नाहीं. ती ज्याची ऋणी आहे, त्यानें तरवार म्यानांत घालण्याची आज्ञा केली होती.