विश्लेषण : व्हॅनिलाला जगभर पोहोचवणारा १२ वर्षांचा गुलाम मुलगा… कोण होता एडमंड आल्बियस?

आइस्क्रीमच्या दुकानात काहीच ठरत नसेल तर आपण ‘व्हॅनिला द्या’ म्हणतो. साधा, नेहमीचा स्वाद म्हणजे व्हॅनिला, अशी आपली समजूत. प्रत्यक्षात नैसर्गिक व्हॅनिला हा केशरानंतरचा जगातला सर्वांत महाग मसाला मानला जातो आणि तो मिळतो एका ऑर्किडच्या शेंगेतून. ही शेंग मेक्सिकोबाहेर व्यापारी प्रमाणावर पिकू लागली ती हिंदी महासागरातल्या एका बेटावरच्या गुलाम मुलामुळे.

व्हॅनिला ऑर्किड कसे?

ऑर्किडच्या जगभरात २५ हजारांहून अधिक प्रजाती आहेत. काही जमिनीत वाढतात, काही खडकांवर, तर उष्ण प्रदेशातल्या बहुसंख्य प्रजाती झाडांच्या फांद्यांवर. आपल्या सह्याद्रीतली ‘सीतेची वेणी’ अशीच झाडावर वाढते. व्हॅनिला मात्र वेल आहे. तिची मुळे सुरुवातीला जमिनीत असतात, मग झाडाच्या आधाराने ती वर चढते. मोठ्या प्रमाणावर खाण्यासाठी शेती होते असे हे एकमेव ऑर्किड म्हणता येईल.

अडचण काय होती?

व्हॅनिला मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या दमट जंगलातली. तिथले टोटोनाक लोक शतकानुशतके तिच्या शेंगा वापरत होते. स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली. फ्रेंचांनी १८२०च्या सुमारास तिचे वेल बोर्बन बेटावर, म्हणजे आजच्या रियुनियनवर आणून लावले. वेल वाढले, फुलेही आली, पण शेंगा धरेनात.

कारण फुलाच्या रचनेत आहे. व्हॅनिलाच्या फुलात परागकण आणि ते स्वीकारणारी कुक्षी अगदी जवळ असतात, पण दोन्हींच्या मध्ये एक पातळ पडदा असतो. मेक्सिकोत स्थानिक मधमाश्या परागकण कुक्षीपर्यंत पोहोचवतात. बोर्बन बेटावर वेल आला, पण या मधमाश्या आल्या नाहीत. त्यात फूल उमलते सकाळी आणि काही तासांतच मिटते. बेल्जियममध्ये शार्ल मोरेन या शास्त्रज्ञाने १८३६ मध्ये हाताने परागीभवन करून शेंगा मिळवल्या होत्या, पण त्याची पद्धत मळ्यांमध्ये रुजली नाही.

एडमंडने नेमके काय केले?

एडमंडचा जन्म १८२९ मध्ये बेटावरच्या सेंट-सुझान इथे झाला. आई बाळंतपणातच गेली. गुलाम असल्याने त्याला आडनावही नव्हते. फेरेओल बेलिये-बोमों या मळेवाल्याच्या घरी तो वाढला. मालकाला वनस्पतींची आवड. बागेत फिरताना मुलगा सोबत असायचा. भोपळ्याच्या कुळातल्या एका वेलीवर नर फुलाचे पराग मादी फुलाला कसे लावायचे, हे मालकाने त्याला दाखवले होते. शाळेचे तोंड मात्र त्याने पाहिले नव्हते.

१८४१ मध्ये बागेतल्या जुन्या व्हॅनिलाच्या वेलीला दोन शेंगा दिसल्या. त्या आपल्यामुळे धरल्या, असे १२ वर्षांच्या एडमंडने सांगितले. मालकाचा आधी विश्वास बसला नाही. मग मुलाने करून दाखवले. फुलाची पाकळी बाजूला करायची, बारीक काडीने मधला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर हलकेच दाबायचे. सराव झाला की एका फुलाला काही सेकंद पुरतात. मालकाने त्याला शेजारच्या मळ्यांवर इतर गुलामांना शिकवायला पाठवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच छोट्या बेटावरून वर्षाला सुमारे २०० टन व्हॅनिला निर्यात होत होती.

त्याला काय मिळाले?

१८४८ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली आणि बेटावरचे ६० हजारांवर लोक मुक्त झाले. एडमंडला ‘आल्बियस’ हे आडनाव मिळाले. ‘पांढरा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते आल्याचे मानले जाते. पुढच्याच वर्षी सरकारने गुलाम गमावल्याची भरपाई मंजूर केली, ती मालकांना. मुक्त झालेल्यांच्या हाती काही पडले नाही.

एडमंड सेंट-डेनिस शहरात स्वयंपाकघरात कामाला लागला. पुढे दागिन्यांच्या चोरीच्या प्रकरणात त्याला सक्तमजुरीची शिक्षा झाली. बेटाला त्याने काय दिले याची आठवण जुन्या मालकाने गव्हर्नरला करून दिली आणि मुदतीआधीच त्याची सुटका झाली. त्याला काही मानधन मिळावे, ही मालकाची खटपट मात्र फळाला आली नाही.

श्रेयावरूनही वाद झाला. ही पद्धत आपणच बेटावर आधी दाखवली होती, असा दावा वनस्पतिशास्त्रज्ञ झाँ-मिशेल क्लोद रिशार यांनी केला. तेव्हा बेलिये-बोमों यांनी लेखी साक्ष देऊन एडमंडची बाजू मांडली. आज अभ्यासक श्रेय एडमंडलाच देतात, त्यात या साक्षीचा मोठा वाटा आहे. ९ ऑगस्ट १८८० रोजी सेंट-सुझानच्या रुग्णालयात गरिबीतच त्याचा मृत्यू झाला. आता तिथे त्याचा पुतळा आहे.

आजही तीच पद्धत?

हो. रियुनियनवरून हे तंत्र मादागास्करला गेले आणि आज तो देश व्हॅनिलाचा सर्वांत मोठा उत्पादक आहे. कर्नाटक-केरळमधल्या बागांतही फुले हातानेच फळवली जातात. फूल फळले की शेंग पक्व व्हायला सुमारे नऊ महिने लागतात. हिरव्या शेंगेला वासही नसतो. गरम पाण्यात बुडवणे, उबेत ठेवणे, वाळवणे असे सोपस्कार झाल्यावर सुगंध येतो. म्हणूनच बाजारातल्या बहुतेक ‘व्हॅनिला’ पदार्थांत प्रत्यक्षात कृत्रिम व्हॅनिलिन असते. पाकिटावर खरी व्हॅनिला लिहिलेली असेल, तर त्या शेंगेमागे जवळपास नक्कीच कुणाच्या तरी हाताची तीच हालचाल आहे, जी १८४१ मध्ये त्या मुलाने करून दाखवली होती.